फुकटच्या कामाची वाटणी

आमच्या वहिनीला लोक हवालदारीण म्हणतात. म्हणोत बापडे! दिवसभर ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून कुठकुठल्या लोकांना कामाला लावते. फुकट. त्यांनाही दमडी मिळत नाही, हिलाही नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्याचं हे काम. कुठल्या कंपनीचं नाही. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. आता कुणीही सुधारावं म्हटलं की काय होतं, सांगू? एकच दुरुस्ती तिघं करत बसतात आणि दोघांची मेहनत पाण्यात. ते दोघं मग परत तोंड दाखवत नाहीत. हा सावळागोंधळ वहिनीने बंद केला. काम हवं तर आधी सांगायचं, ते तुमच्या नावावर लागणार, मग दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. जमेना तर सोडून द्या, पण तसं कळवा.

त्यात एक टेलिफोन ऑपरेटर होता. त्याला स्वतःलाच दिसत नाही. तक्ते वाचताना सॉफ्टवेअर गडबडायचं, ती दुरुस्ती त्याने घेतली. त्याचं पहिलंच काम. करायचा सावकाश, पण कुठवर आलंय ते दर आठवड्याला कळवायचा. अन् मध्येच एका बड्या कंपनीतल्या इंजिनिअरने, कुणाला न विचारता, तेच काम दोन दिवसांत करून पाठवलं. छान केलं होतं, नाही कशाला म्हणू? हे सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या प्राध्यापकांचा लगेच फोन आला. "घेऊन टाका."

"नाही घेणार," वहिनी म्हणाली.

फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसून गिऱ्हाइकाच्या पँटची शिलाई उसवत होते.

"अहो, लोक खोळंबलेत. एका माणसासाठी एवढा हट्ट?"

"सर, ढीगभर कामं मोकळी पडली होती. त्या इंजिनिअरने त्यातलं एक घ्यायचं होतं. आज ऑपरेटरला बाजूला ढकललं, तर उद्या कोण कशाला विचारून काम घेईल?"

शाब्बास! पण प्राध्यापकांनी इंजिनिअरचं काम स्वतःच सॉफ्टवेअरमध्ये घातलं आणि वहिनीचे कामं वाटायचे, तपासून घ्यायचे सगळे अधिकार काढून घेतले. असा संताप आला मला!

ऑपरेटरने फोन केला. "ताई, माझ्यापायी तुमचं गेलं. मी थांबतो आता." आवाज इतका पडलेला, की माझाच जीव गलबलला.

"थांबून तर बघ!" वहिनी कडाडली. "तुझी मेहनत मला वाचवता आली नाही, त्याचं वाईट वाटतंय मला. पण तू निघून गेलास, तर त्यांचंच खरं ठरेल."

त्याने फोन ठेवला.

बाकीचे वहिनीच्या मागे लागले. सॉफ्टवेअरची प्रत घ्या, वेगळं सुरू करा, त्याला परवानगी आहे, आम्ही येतो. मीही म्हटलं, "मांड ना वेगळी चूल!"

"म्हणजे प्रत्येक दुरुस्ती आता दोन ठिकाणी करायची? हेच थांबवायला इतकी वर्षं घसा फोडला ना मी? मी कुठेही जात नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने कामांच्या यादीत साध्या सदस्यासारखं प्रत्येक कामाखाली लिहिलं: हे अमक्याने घेतलंय, हे मोकळं आहे. प्राध्यापकांनी ते पुसलं. तिने पुन्हा लिहिलं. त्यांनी विचारलं, हा अधिकार कुणी दिला?

"लिहायला अधिकार लागत नाही, सर. तुम्ही पुसा, मी लिहिते."

हळूहळू लोक तिचं वाचूनच काम उचलायला लागले. प्राध्यापक पुसून कंटाळले. अधिकार मात्र अजून दिलेले नाहीत. ऑपरेटरचा पत्ता नव्हता, आणि ते तिला आतून खात होतं. बोलायची नाही, पण लॅपटॉप उघडला की आधी त्याचं नाव शोधायची.

काल फॉर्म वाचण्याचं एक किचकट काम यादीत आलं. वहिनीने मला हाक मारली आणि त्याखालचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. ऑपरेटरने लिहिलं होतं:

"हे मी घेतलंय. मला वेळ लागेल. कुणाला घाई असेल तर आधी मला विचारायचं. प्राध्यापकांनीसुद्धा."