सुमेधची महिन्याची बारा गाणी

सुमेध गेला तेव्हा मी हॉस्पिटलच्या फाटकाशी शहाळं फोडून घेत होते. शहाळेवाल्याने मलई हवी का म्हणून विचारलं, मी म्हटलं, नको, नुसतं पाणीच द्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. सिस्टर होत्या. "ताई, वर या," एवढंच म्हणाल्या. मी लिफ्टची वाट न बघता चार मजले जिन्याने चढले, शहाळं तसंच हातात. वर पोचले तर त्याच्या कानांत इयरफोन होते आणि त्यातून बारीक आवाज येत होता. सिस्टरनी विचारलं, काढू का? मी म्हटलं, थांबा जरा, चाललंय ते गाणं संपू दे... आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

आज सात आठवडे झाले. सुमेध माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, त्यामुळे भाऊ कमी आणि पोरगं जास्त. आई गेली तेव्हा तो नववीत होता. पुढे माझी सरकारी नोकरी नागपूरहून पुण्याला आली, तेव्हा त्याचं बखोट धरून त्यालाही घेऊन आले. सदाशिव पेठेत दोन खोल्या घेतल्या, तिथेच तो वाढला. मग वाघोलीला कॉलेज, मग आयटीतली नोकरी, मग वाघोलीलाच फ्लॅट. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर एकेक जण उठून बोलला. हसतमुख होता, मदतीला धावायचा. खरंच आहे ते. पण तो हट्टी होता, तोंडाळ होता आणि मी केलेल्या भाजीला 'शासकीय भाजी' म्हणायचा, हे कोणी सांगितलं नाही. मलाही त्या दिवशी एक सांगायचं होतं. उठले, माईक हातात घेतला, "सगळे आलात, जयभीम," म्हटलं आणि खाली बसले. भीती वाटली. आत्ता लिहितानाही वाटतेय.

त्याचं वेड होतं इंडी रॉक. म्हणजे काय, हे मला त्याने शंभरदा समजावलं. मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही. चार पोरं आपल्याच खोलीत गाद्या भिंतीला टेकवून गिटार-ड्रम वाजवतात, स्वतःच रेकॉर्ड करतात आणि इंटरनेटवर सोडून देतात. अशी गाणी दर महिन्याला ढिगाने येतात म्हणे. त्यातली बारा निवडून सुमेध त्यांची एक सलग फाइल बनवायचा. नुसती यादी नाही हं. यादी कोणीही करतं, असं तो नाक वर करून सांगायचा. लॅपटॉपवर बसून एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला जोडायचं, हळू रेकॉर्ड झालेल्याचा आवाज वाढवायचा, ओरडणाऱ्याचा कमी करायचा. सगळ्यात चांगलं गाणं पहिलं ठेवायचं नाही, चौथं ठेवायचं. पाहुण्याला आल्याआल्या श्रीखंड वाढतात का, ताई? आणि एक नियम कडक, गाणं त्याच महिन्यात आलेलं हवं. गेल्या महिन्याचं कितीही आवडलं तरी नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फाइल माझ्या फोनवर यायची आणि अकराच्या सुमाराला त्याचा फोन. "ऐकलंस?"

मला त्यातलं काही कळायचं नाही. मी गाण्यांना आपली नावं द्यायचे. एकात गिटार शेवटी अशी शिटी मारायची की ते झालं 'कुकर'. गुवाहाटीच्या तीन मुलींचं एक होतं, त्यात ड्रम धडधड येऊन एकदम थांबायचे, ते 'टँकर आला'. तो चिडायचा आणि नंतर स्वतःच विचारायचा, "टँकर बरा वाटला का गं?" चौदा वर्षं एकही महिना चुकला नाही. मी धुणी वाळत घालताना ऐकायचे, पोळ्या लाटताना ऐकायचे. आवडतात असं कधी म्हटलं नाही, डोक्यावर बसला असता.

मग त्याला एक गाठ निघाली. तपासणी, पुन्हा तपासणी, आणि एका सोमवारी डॉक्टर बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की सहा वेळा सलाईनमधून औषध द्यायचं, तीन-तीन आठवड्यांनी. औषध जालीम आहे, पण या आजाराला तेच सगळ्यात लागू पडतं. एक धोका मात्र आहे, कानांवर परिणाम होतो. कानात शिटी वाजायला लागली, बारीक आवाज ऐकू येईनासे झाले, तर लगेच सांगायचं. सुमेध हसून म्हणाला, "बरोबर माझाच पत्ता शोधत आलं." मला आजाराची भीती होतीच, आता दुसरी बसली. घरी येताना रिक्षात तो बाहेर बघत गुणगुणत होता आणि मी मात्र सारखी त्याच्या कानाकडे बघत होते.

सलाईनच्या दिवशी आमचा रिवाज ठरला. सिस्टर शीर शोधायला लागल्या की तो इयरफोन काढायचा, एक स्वतःच्या कानात, एक माझ्या. सुई आत गेली की गाणी सुरू. आता महिन्याच्या शेवटापर्यंत थांबायला तो तयार नव्हता, दर सलाईनला नवी बारा. पहिल्यांदा सगळं ठीक होतं. दुसऱ्यांदा मला वाटलं, ही पोरं जरा कर्कश वाजवतायत. तिसऱ्यांदा मात्र मी दचकले. झांजा अशा टोचत होत्या की स्टीलच्या डब्यावर कोणी सुरी ओढतंय. गाणाऱ्या मुलीचा प्रत्येक 'स' कानात फुसकन घुसत होता. मी चोरून सुमेधकडे बघितलं. तो डोळे मिटून, मान डोलावत, समाधानाने ऐकत होता. "काय क्लिअर झालंय ना या वेळी?" म्हणाला. "छान आहे," मी म्हटलं, आणि इयरफोन काढला नाही.

कारण मला कळलं होतं. गाणी कर्कश नव्हती. बारीक आवाज त्याला कमी ऐकू येत होते, म्हणून तो लॅपटॉपवर तेच वाढवत चालला होता, स्वतःला बरोबर वाटेपर्यंत. घरी जाऊन मी फोनवरच्या आजाराआधीच्या आणि या तीन सलाईनच्या फाइली ओळीने लावल्या. कळायला गाण्यातलं ज्ञान लागत नव्हतं. पायऱ्या चढाव्यात तशी ती किरकिर वाढत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून वाघोली गाठली आणि त्याला सरळ विचारलं. आधी म्हणाला, सर्दी आहे. मग म्हणाला, तुझे कान म्हातारे झालेत. मी हललेच नाही, तेव्हा लॅपटॉप मिटून म्हणाला, "शिटी वाजते. दिवसभर वाजते. पण ताई, डॉक्टरांना सांगायचं नाही. ते औषध बदलतील. दुसरं असतं एक, कानांना त्रास देत नाही, पण तेवढं पक्कं काम करत नाही, मी वाचलंय सगळं. बहिरा झालो तरी चालेल, जिवंत पाहिजे मी. शपथ घे." मी म्हटलं, "आपण कधीपासून शपथा घ्यायला लागलो?" तो हसला नाही. "मग नुसता शब्द दे." मी दिला.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. ऑफिसात फायली पुढे असायच्या आणि मला दिसायचं की सुमेध लॅपटॉपसमोर बसलाय, गाणं चालू आहे आणि त्याला काही ऐकू येत नाहीये. त्याने आवाज वाढवलाय, अजून वाढवलाय... मला वाटायचं, असा सुमेध जगून करणार काय? आता हे लिहिताना शरम वाटते. हा विचार त्याचा नव्हता, माझा होता. त्याला चालणार होतं, मला चालत नव्हतं. चौथ्या सलाईनच्या दिवशी तो वजन करायला गेला असताना मी डॉक्टर बाईंना बाहेरच्या बाकापाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. शिटी, किरकिर, शब्द दिलेला, सगळं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत सांगितलंत. मी तुमचं नाव घेत नाही," म्हणाल्या.

त्याच दुपारी त्याच्या कानांची तपासणी झाली. कागदावर खोटं बोलायची सोय नव्हती. त्याला विचारलं गेलं, समजावलं गेलं. तो बराच वेळ वाद घालत होता, मी बाहेरून ऐकत होते. शेवटी औषध बदललं. शिटी राहिली, पण कान तिथेच थांबले. पुढच्या सलाईनला त्याने लॅपटॉपवर कोणता आवाज किती वाढवायचा ते मला विचारून ठरवलं. "आता तू माझा कान. टोचलं की सांग." मी शिकले हो. झांज कुठली, तार कुठली, सगळं. सहा सलाईनं झाली, रिपोर्ट चांगला आला, मी ऑफिसात पेढे वाटले. आणि आठ महिन्यांनी आजार परत आला.

तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलाय. पहिलंच औषध चालू राहिलं असतं तर? सुमेधला हे कळलं तर? तो माझ्याकडे बघायचा तेव्हा मी नजर चुकवायचे, पाणी आणते म्हणून उठायचे. फोनवर त्याचं नाव दिसलं तरी दोन रिंगा जाऊ द्यायचे. आजाराने नेण्याआधी त्याने मला विचारू नये, एवढीच माझी धडपड. बघा काय बहीण!

आणि त्याने विचारलंच. जाण्याच्या पाच दिवस आधीची सकाळ. मी त्याला पेज भरवत होते. आवाज अगदी खाली गेला होता त्याचा. "ताई, तेव्हा डॉक्टरांना तूच सांगितलंस ना?"

"नाही रे," मी म्हटलं. डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं. "तपासणीत दिसलं त्यांना."

"बरं." चमचाभर पेज त्याने गिळली, तोंड पुसायला लावलं. मग म्हणाला, "ज्याने कोणी सांगितलं त्याच्यावर मी लई चिडलो होतो. अजूनही आहे थोडा. पण त्यानंतरची सगळी गाणी ऐकली मी, ताई. शंभरावर होतात. तो माणूस भेटला तर सांग त्याला... चांगली होती म्हणून."

मी पुढचा चमचा भरला. तेव्हा तरी बोलायचं की नाही? दोन शब्द होते. त्याने दार उघडून दिलं होतं, पण 'अजूनही आहे थोडा' एवढंच माझ्या कानात राहिलं आणि मी घाबरले. "भेटलं कोणी तर सांगेन," म्हटलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं का? असणार. न ठाऊक असायला तो काही बावळट नव्हता. पण मी आपली पेज ढवळत बसले.

गेल्या आठवड्यात कागदपत्रं आणायला हॉस्पिटलला गेले होते. डॉक्टर बाई समोर आल्या, थांबल्या, म्हणाल्या, "काही विचारायचंय का तुम्हाला?" त्यांना माहीत होतं मला काय विचारायचंय. मी म्हटलं, नाही, काही नाही, आणि रिक्षा मिळेपर्यंत मागे वळून बघितलं नाही. उत्तर 'हो' आलं तर पुढचं आयुष्य कसं काढायचं? आणि 'नाही' आलं तरी माझा विश्वास बसेल कशावरून?

काल महिन्याचा शेवटचा रविवार होता. सकाळी चहा ठेवला आणि त्याच्या लॅपटॉपवर या महिन्यात आलेली गाणी ऐकायला बसले. कशासाठी, ते विचारू नका. पहिली दोन रद्दी. तिसरं शिलाँगच्या एका पोराचं, खरंच बरं होतं, ते चौथ्या जागेसाठी बाजूला ठेवलं. दुपारपर्यंत बारा जमली. शेपूट डोक्याला जोडताना दोनदा चुकलं, आवाज खालीवर झाला, पण टोचत कुठे नाही, ते नीट बघितलं. फाइल तयार झाली आणि सवयीने त्याचा नंबर काढला. पाठवली. एकच बरोबरची खूण उमटली, दुसरी उमटणार नव्हती. तरी त्या फाइलीखाली टाइप करायला मला पाऊण तास लागला, इतकी भीती वाटली. काय लिहिलं ते इथेही लिहिते, निदान चार लोकांसमोर तरी नाकारता येणार नाही.

सुमेध, मीच सांगितलं होतं.