हसनाबादच्या घराचं चित्र

आत्या अंगणात पडली ती दसऱ्याच्या आधी. हाड मोडलं नाही. पण पुण्याच्या माझ्या भावाने ठरवून टाकलं. घर दिवसभर आम्हा दोघांच्या फोनवर दिसलं तर ती हसनाबादला एकटी राहील, नाहीतर संक्रांतीनंतर त्याच्या फ्लॅटवर जाईल. आई गेल्यावर आम्हाला तिनेच वाढवलं होतं. तिला जायचं नव्हतं. ते तिने एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही.

भोकरदनच्या दुकानदाराने चार कॅमेरे लावले, आतल्या खोलीत कपाटावर रेकॉर्डर ठेवला आणि नेटचं तुमचं तुम्ही बघा म्हणून निघून गेला. मी जालन्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. आठवड्याची एक सुट्टी मिळते, ती या कामाला लागली.

पहिल्या फेरीत कळलं की राउटर रेकॉर्डरला दर वेळी नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो. मी तो कायमचा ठरवून दिला, आकडे वहीत उतरवले, कोड स्कॅन करून ॲप जोडलं. फोनचं वायफाय बंद करून अंगणात उभा राहिलो. मोबाइलच्या नेटवर माझीच पाठ दिसली. आत्याने घराला कुलूप लावलं आणि मला सोडायला स्टँडपर्यंत आली. एसटी राजूरला पोचली तेव्हा ॲपवर एकच शब्द होता: ऑफलाइन.

फोन करून विचारलं, गावातली वीज गेली का. गेली नव्हती.

संध्याकाळी चित्र आपोआप आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलं. मग रोज तसंच. दुकानदाराने फोनवर पोर्ट, डीएनएस अशी नेटची सेटिंग्ज बदलायला सांगितली. दुसऱ्या फेरीत ते केलं. राउटरही नवा बसवला. मी असेपर्यंत सगळं बरोबर चालायचं. भाऊ रोज ऑफलाइन स्क्रीनचा फोटो पाठवायचा.

तिसऱ्या फेरीत रेकॉर्डर मूळ सेटिंगवर नेऊन सगळं नव्याने भरलं. निघालो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर वही आत राहिल्याचं लक्षात आलं. आत्याने कुलूप उघडलं. पंखा थांबलेला होता. पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. रेकॉर्डरचा दिवा विझलेला. बंद कुणी केला, असं मी विचारलं.

"मीच. कापूस हाय घरात. कुलूप लावायच्या आधी मेन बंद करायचा, ल्हानपणी शिकवलं न्हाई का तुम्हाला?"

शिकवलं होतं. आम्ही शाळेत असताना गल्लीतलं एक घर शॉर्ट सर्किटने कापसासकट जळालं होतं. तिन्ही वेळा मी उंबऱ्याबाहेर बूट घालत होतो आणि ती आत मेन बंद करत होती. एरवीही ती दुपारी दोनला निघते, स्टँडजवळच्या मैत्रिणीकडे बसते आणि दिवेलागणीला परतते. यातली एकही गोष्ट मला नवी नव्हती.

रेकॉर्डरला वेगळी लाइन ओढू, असं मी सुचवलं.

"मंग ती वायर काय कापसावरून जाणार न्हाई?"

बॅटरी-इन्व्हर्टरही तिला कापसाजवळ नको होता. दुसरी वाट नव्हती. ती पुण्याला कधी जायचं ते विचारू लागली. आवाज तसाच, सपाट.

एसटीतून भावाला फोन केला. त्याला सांगितलं की दुपारी चित्र जातं याचा अर्थ ती उठली, स्वतः मेन बंद केला, स्वतः कुलूप लावलं आणि स्वतःच्या पायाने बाहेर पडली. पडलेल्या माणसाला यातलं काही करता येत नाही. त्याने विचारलं, एखाद्या दिवशी चित्र गेलंच नाही तर? मी म्हणालो, तर लगेच फोन करायचा, भलत्या वेळी गेलं तरी करायचा.

"बरं," तो म्हणाला. "संक्रांतीचं राहू दे मग."

आता रोज दुपारी, बातम्यांची बैठक सुरू व्हायच्या आधी, मी ॲप उघडतो. अंगण, फाटक, मागचं दार, गल्ली अशा चार चौकटी असतात. त्या काळ्या व्हायची वाट बघतो. झाल्या की भावाला कळवतो आणि बैठकीला जातो.

काल सव्वादोन झाले तरी चित्र चालूच होतं. फोन हातात घेतला, तोच ती अंगणात दिसली. ओट्याचा आधार घेत तिने चपला घातल्या, फाटकापर्यंत गेली, थांबली, मेन राहिल्याचं आठवल्यासारखी वळली आणि परत आत गेली. मग चारही चौकटी काळ्या झाल्या.