कर्ण्यामागचे पदूकाका

हर्षलाचा टेंपो फाट्यावर वळून दिसेनासा झाला, तशी पदूकाकांनी स्पीकरची उंच जोडी उचलून पडवीच्या दारात नेली, तोंडं आळीकडं केली आणि गाणं लावलं. सगळा घोळ तिथंच झाला.

हर्षला ही पनवेलच्या स्पीकरच्या दुकानातली मुलगी. दुकान साधंसुधं नव्हे. तिथल्या एका जोडीच्या किमतीत बरी मोटरसायकल दारात यावी. एक उंच आणि एक बुटकी, अशा दोन जोड्या तिनं ऐकून बघायला घरी आणून दिल्या होत्या. निघताना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, “काका, भिंतीपासून पुढे ओढा. तोंडं आत. मधोमध खुर्ची, खुर्चीत तुम्ही. निवांत ऐका आणि सोमवारी सांगा, कुठली ठेवायची ते.” काकांनी “व्हय व्हय” केलं. पण हाताला कोण समजावणार? पळसदरीपासून खालापूरपर्यंत लग्नांत कर्णे बांधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो हात. कर्ण्याचं तोंड लोकांकडं आणि आपण मागं, याहून वेगळं त्याला काही माहीतच नव्हतं.

पहिलं कडवं संपायच्या आत अर्धी आळी पडवीत.

सगळ्यांत पुढं शेजारचा गजा. त्याच्या मुलीची, प्रियाची, हळद दुसऱ्याच दिवशी होती. गजानं डोळे मिटून छातीवर हात ठेवला, जरा वाट बघितली आणि निकाल दिला, “काका, छातीत धडकत नाय.”

“तुज्या छातीसाठी आनलेत काय?”

“आनि मारुतीच्या देवळापर्यंत पोचत बी नाय. मी आताच तिथून आलो. पन चालंल. डीजेवाल्याचा एक डबा बंद पडलाय. उद्या हळदीला दोनी जोड्या दे.”

“हे हळदीचं सामान नाय रं. हे घरात बसून ऐकायचं असतंय.”

“कुनी?”

“मी.”

“आनि?”

“आनि कोन? खुर्ची एकच हाय.”

मग गजा सगळ्यांकडं वळून म्हणाला, “दार लावून कोंबडी खानारा मानूस बघितला होता. दार लावून गानं ऐकनारा आज बघितला!”

लोक खो खो हसले. पदूकाकांच्या अंगाचा तिळपापड झाला. “हसा! जल्मभर मी तुमाला ऐकवलं. मला कुनी ऐकवलं रं?”

हा विचार आजवर कुणी केलाच नव्हता. सायकलच्या कॅरियरला बॅटरी, पाठीवर कर्णा, हँडलला गोणपाटात गुंडाळलेलं गाणी वाजवायचं मशीन, असे पदूकाका गावोगाव गेले. आंब्यावर चढून कर्णा बांधायचा, खाली खोडाला टेकून मशीन धरून बसायचं. कर्ण्याच्या मागं बसलं की गाणं कसं ऐकू येतं? नदीपल्याड कुणी सर्दी झालेला माणूस गातोय, तसं. आणि तेही पुरं कुठलं? पहिलं कडवं झालं रे झालं, की कुणाचा तरी मामा आहेराची यादी नाचवत हजर. “पदू, नावं पुकार!” गाणं बंद, माइक चालू. कशेळ्याच्या येसाजीमामांकडून अकरा रुपये आणि टोपी. ज्याचं नाव राहिलं तो जेवणावरून उठून जायचा, आणि शिव्या पदूला. रस्सा कमी पडला तरी पदूला, का तर त्यानं जेवायला लवकर पुकारलं. स्वतःच्या लग्नात कर्णा मुका झाला, तेव्हा मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवालाच आंब्यावर चढावं लागलं. खाली अंतरपाटामागं उभ्या राहिलेल्या जनाकाकींनी तो राग अजून निवू दिलेला नाही.

पुढं डीजेच्या भिंती आल्या. काका एका फार्महाऊसवर राखणीला लागले. गेल्या वर्षी त्यांचं भाताचं एक खाचर नव्या रस्त्यात गेलं आणि सरकारचे पैसे आले. पोरांनी आपापले वाटे उचलले, आणि काकांनी आपल्या वाट्याचं काय करायचं ते आधीच ठरवून टाकलं होतं. मरायच्या आत एक गाणं समोर बसून ऐकायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागणं एवढंच, आणि आता त्यालाही गजा आडवा आलेला.

शेवटी जनाकाकीच पदर खोचून पुढं आल्या. “उठा सगळी! चाय मिळनार नाय. हळद गजाकडं हाय, हितं नाय.” आळी कुरकुरत पांगली. काकींनी दाराला कडी घातली आणि नवऱ्याकडं वळल्या. “बसा आता. आनि लवकर ऐका, मला भात लावायचाय.”

काकांनी उंच जोडी आत वळवली. वाजवली, तशी मांडणीवरची पातेली किणकिणायला लागली.

“गानं गातंय का माजी भांडी?” काकी कडाडल्या. “न्या ते ताडमाड मानूस!”

मग बुटकी जोडी. भांडी गप्प राहिली. काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत घोंगडी टाकून बसले आणि मोबाइलवर त्यांनी हळदीचं जुनं गाणं शोधलं. मांडव कुणाचाही असो, पहिलं लावायचे ते.

डाव्या हाताला एक बाई गायला लागली. उजव्या हाताला दुसरीनं तिची ओळ उचलली. काका दचकले. आजवर त्यांना वाटत होतं, गाणारी एकटीच आहे. खाली ढोलकीही होती, चांगली घुमणारी. कर्ण्यानं ती एवढी वर्षं गिळून ठेवली होती. पहिलं कडवं संपलं आणि काकांचा हात आपोआप गाणं बंद करायला उठला. यादीवाला मामा आला नाही. हात खाली आला. दुसरं कडवं झालं. आणि मग तिसरं. गाण्याला तिसरं कडवं आहे, हेच काकांना ठाऊक नव्हतं. पहिल्या दोन कडव्यांत सगळे नवरीबद्दल बोलतात. वऱ्हाड, मामी, करवली. तिसऱ्यात नवरी स्वतः तोंड उघडते आणि म्हणते, आता माझं ऐका.

गाणं थांबलं. काका खुर्चीतून ताडकन उठले.

“ह्यांच्या आहेराला आग लागली! ह्यांच्या टोप्यांना! एवढी लग्नं वाजवली, आनि एका बी नवरीला मी बोलू दिलं नाय!”

“त्यात माजं पन लगीन हाय,” काकी चुलीपासूनच म्हणाल्या.

काकांनी त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं आणि गाणं परत लावलं. काकींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. भात करपल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाल्या, “बरं हाय. पन खुर्ची बोचते.”

काका तसेच गजाच्या मांडवात गेले. गजाची आई सोनुबाई बायकांबरोबर तांदूळ पाखडत बसली होती. ती या गावात नवरी होऊन आली, त्या दिवशी पदूनं आयुष्यातला पहिला कर्णा बांधला होता.

“वयनी, तुमच्या लग्नात हेच गानं मी अर्ध्यात तोडलं. तुमचं एक कडवं माज्याकडं ऱ्हायलंय. चला, खुर्चीत बसा, पुरं ऐकवतो.”

सोनुबाईनं सूप खाली ठेवलं. “भावजी, नातीच्या हळदीला तुमी डबे देनार नाय म्हनं?”

“नाय. बाहेर ठेवले की पोरं ते फोडतील. ते घरातलेच हायत.”

“मंग मला बी काय ऐकायचं नाय.” सूप परत हलायला लागलं.

सोमवारी हर्षलाचा फोन आला. बुटकी जोडी राहिली, उंच जोडी टेंपोत बसून पनवेलला गेली. प्रियाचं लग्न झालं, ती शेलूला नांदायला गेली. गजा आता बोलतो, पण तोंडदेखलं. काका रोज संध्याकाळी खुर्चीत बसतात आणि एकेक जुनं गाणं पुरं करतात. सोनुबाई गवताचा भारा घेऊन दारावरून जाते, तेव्हा गाणं थांबवून ओरडतात, “वयनी, कडवं ऱ्हायलंय!”

“ऱ्हाऊ दे,” ती मान न वळवता म्हणते. “आमाला तुमचे डबे ऱ्हायले, तुमाला आमचं कडवं.”