न वाचलेला रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही दादाला ओळखत नाही — माझं धैर्य इतपतच.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. माझ्या कॉलेजची फी त्याच्या ओव्हरटाइममधून गेली. पुढे मी माजिवड्याला एका कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात लागले. कंपन्यांना शेअर बाजाराला जे कळवावं लागतं, ते कागद तयार करायचे, हे माझं काम. घरात शहाणी कोण, तर मी. हे दादानेच ठरवून टाकलं होतं — आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं.

रिटायर झाल्यावर त्याला शेअरचा नाद लागला. तेव्हा मीच त्याला एक गोष्ट शिकवली. कंपनीचा मोठा साहेब खिशातले पैसे घालून बाजारभावाने शेअर घेतो, तेव्हा त्याला काही अर्थ असतो. स्टॉक ऑप्शनचं तसं नाही — ते कंपनीच पगाराच्या वर बक्षीस म्हणून देते, आधी ठरलेल्या, कधीकधी अगदी नाममात्र किमतीत. त्यावरून साहेबाचा भरवसा कळत नाही. दादा लगेच म्हणाला, "म्हणजे ड्रायव्हर आपली बायकापोरं त्या गाडीत बसवतो का, ते बघायचं." इतक्या वर्षांत मला ते इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

आणि हे सगळं माहीत असलेल्या बाईनेच — थांबा, सांगते.

एका रविवारी कोपरला त्याच्याकडे जेवायला गेले होते. त्याने मोबाइल पुढे केला. पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या साहेबाच्या नावावर बरेच शेअर आल्याची नोंद होती. "सुमे, घेतलेत ना यानं?" माझा हात वरणभाताने बरबटलेला. मी नाव बघितलं, आकडा बघितला. शेअर कसे मिळाले, तो रकाना मोबाइलवर बाजूला सरकवल्याशिवाय दिसत नाही. मी सरकवलं नाही. "हो, स्वतःच्या पैशाने," म्हटलं.

सोमवारी त्याने फंडाचे जवळजवळ सगळे पैसे त्यात घातले. लिफ्टच्या बिल्डिंगमधल्या घरासाठी ठेवले होते ते. वहिनीचे गुडघे गेलेत, आणि घर तिसऱ्या मजल्यावर.

बुधवारी ऑफिसात तोच कागद पुन्हा समोर आला. रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं — स्टॉक ऑप्शन.

चूक कुणाचीही होते. मी कबूल करते आहे ती ही चूक नाही. त्या दिवशी भाव उलट थोडा वरच होता — एक फोन केला की तो विकून मोकळा झाला असता. मी फोन केलाही. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "आत्ताच डेपोत चहाला गेलेलो. सगळ्यांना सांगितलं, आमची सुमी एका नजरेत कागद वाचते." केवढा खूश होता तो. मी वहिनीचे गुडघे कसे आहेत ते विचारलं आणि फोन ठेवला. का? त्याच्यासमोर दोन मिनिटं लहान व्हायचं होतं, एवढंच ना?

मग भाव पडत गेला. दर आठवड्याला वाटायचं, आता सांगावं — आणि दर आठवड्याला ते आणखी अवघड होऊन बसायचं. शेवटी चौथा हिस्साही उरला नाही. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

वहिनी आता सहसा खाली उतरत नाही. गॅलरीतून दोरीने पिशवी सोडते, भाजीवाला भरून देतो. ती दोरी ओढताना तिला बघितलं की मला रडू येतं, आणि मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते.

मागच्या महिन्यात गेले, तेव्हा दादाच्या ते लक्षात आलं असावं. पानात भात वाढता वाढता म्हणाला, "वाईट नको वाटून घेऊ गं. त्या साहेबानं पण आपली पोरं बसवलेली ना त्या गाडीत. आपल्यापेक्षा त्याचंच जास्त गेलं असेल, बिचाऱ्याचं."

त्या साहेबाने भाव पडायच्या आधीच सगळे शेअर विकले होते. तोही कागद मी वाचला होता — त्या वेळी शेवटच्या रकान्यापर्यंत.

मी म्हटलं, "हो रे दादा." आणि जेवले.