कोंडलेला महादेव

गुंफेतल्या महादेवाला जायचं तर पारूबाईच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय सुटका नव्हती. अहमदपूरच्या डोंगरात, सडकेपासून तीन कोस आत, पळसाखाली ती रांजण भरून बसायची. नको म्हणणाऱ्यावर अशी काही खेकसायची की माणूस मुकाट तांब्या तोंडाला लावायचा. पण समोरच्या गुंफेत ती दहा वर्षांत एकदाही शिरली नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. पिंडीचं पन्हाळ चिखलानं बुजवायचं, घरटी एक घागर ओतून देव बुडवायचा. जीव गुदमरला की देव पाऊस पाडतो, अशी रीत. विहिरी कोरड्या ठणठणीत, तरी पारूबाईनं झऱ्यातनं दोन दिवस वाटी-वाटी पाणी खरवडून घागर भरली. नवरा निवृत्ती खडी फोडून फोडून तापानं फणफणलेला. घरी राहा म्हटलं तर ऐकेना, सोबत निघाला. ऊन आगीसारखं. पळसापाशी आल्यावर तो मटकन बसला आणि त्यानं घोटभर पाणी मागितलं.

"देवाचं हाय, उष्टं व्हईल," ती म्हणाली. "दम धरा. वतून आले की झऱ्यावर जाऊ."

"हाव, जा," निवृत्ती म्हणाला. बायकोचा शब्द त्यानं जन्मात कधी मोडला नाही. तिथंच घात झाला.

तिच्याच घागरीनं पिंड बुडाली. लोकांनी हर हर महादेव केलं. ती धावत परत आली, तर निवृत्ती पळसाला टेकलेला. हलवला तसा कलंडला.

तिसऱ्या दिवशी सर आली. एकच! दुष्काळ काही हटला नाही, पण गाव पारूबाईच्या पायावर डोकं ठेवायला लागलं. तुझीच घागर देवाला पोचली म्हणे. आता बोला! तिला वाटायचं, दगडाला घागरभर दिलं आणि माझ्या माणसाला घोटभर नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या साली गुंफेपाशी हापसा बसला. लोक तिथंच पाणी पिऊ लागले; रांजण भरलेला तसाच राहू लागला. व्यंकटी गुरवानं समजावलं, मावशी, आता देवावरचा राग सोड, आत ये.

"राग न्हाई रं," पारूबाई म्हणाली. "सर आली तवा तुमी पन्हाळ मोकळं केलं, देव सुटला. म्या अजून तितंच हुबी हाय, घागर घिऊन."

तिनं हापशावर जुनी घागर काठोकाठ भरली. गुंफेकडं न बघता पळसापाशी गेली आणि त्याच्या बुडात सगळी रिती केली.

"घ्या," ती म्हणाली.