आधी पुस्तक उचललं

चष्म्याच्या दुकानात येणारी माणसं त्याला 'सावकाश काका' म्हणायची. गिऱ्हाइकाने नवा चष्मा नाकावर टेकवला की हा हमखास म्हणायचा, "सावकाश, घाई नाही." मग काडी थोडी गरम करून वाकवायची, कानामागे बसते का बघायचं, काढायची, पुन्हा वाकवायची. आवाज कधी चढला नाही. पन्नाशी उलटलेली, कपाळ मोठं, बोलणं मऊ. मुंगीलासुद्धा वाट देईल असा माणूस, असं सगळे म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

या माणसाला एक नाद होता. काळीकुट्ट कॉमिक्स. पोरांची नव्हेत, खून, सूड, बुडालेली शहरं, शेवटी कुणाचंच भलं होत नाही अशी. तरुणपणी ती पातळ अंकांत मिळायची. आता प्रकाशक अख्खी मालिका एकाच जाडजूड पुस्तकात बांधून काढायला लागले होते. ट्रेएवढं लांबरुंद, उशीएवढं जाड. मांडीवर घेऊन वाचायची सोयच नाही. पलंगावर पसरून पुढ्यात गुडघे टेकून बसावं लागे. पण पान उघडलं की खिडकी उघडल्यासारखं वाटे. मोठ्या छपाईत शाईची रेघ न् रेघ दिसायची, आणि दिवसभर "हे अक्षर दिसतं की ते?" विचारून शिणलेले त्याचे डोळे त्या काळोखात जाऊन निवायचे.

पण याची त्याला लाज वाटे. या वयात चित्रांची पुस्तकं, तीही मुंडकी उडवणारी! पुस्तकांच्या दुकानातल्या बाईंना तो सांगायचा, "भाच्यासाठी नेतोय." भाचा त्याला नव्हताच. घरी आणताना वरून तपकिरी कागद, आणि बायकोने विचारलंच तर "फ्रेमचा कॅटलॉग." बायको शाळेत गणित शिकवायची. ती रविवारी सकाळी शिकवणीला गेली की हा पुस्तक उतरवायचा आणि ती परतायच्या आत कपाटाच्या टपावर, सुटकेसच्या मागे, जुन्या पांघरुणांखाली सरकवून ठेवायचा.

त्या वर्षी सासूबाई महिनाभर राहायला आल्या. त्यांच्या घरातले नळ बदलायचं काम निघालं होतं. बाई मोठ्या बोलक्या. जावयाची थट्टा करणं हा त्यांचा आवडता उद्योग. "जावईबापू, माझा चष्मा असा करून द्या की तुमच्या बायकोचे दोष दिसायचे नाहीत," म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

एका दुपारी दुकानात त्यांचा फोन आला. "जरा घरी या हो. पायावर काहीतरी पडलंय. उठता येत नाहीये."

तो धावतच गेला. सासूबाई शयनघरात जमिनीवर बसल्या होत्या, पाठ पलंगाला टेकलेली, एक पाय लांब केलेला. त्यांना थंडी वाजत होती म्हणून स्टुलावर चढून त्यांनी टपावरचं पांघरूण ओढलं, आणि पांघरुणाबरोबर पुस्तकही खाली आलं. पाऊल टम्म सुजलं होतं. पुस्तक मधोमध उघडं पडलं होतं. दोन्ही पानं व्यापून एक माणूस विहिरीत काहीतरी टाकत होता, आणि ते काहीतरी म्हणजे काय, ते लपवायची चित्रकाराने तसदी घेतली नव्हती.

त्याने आधी पुस्तक उचललं.

त्यासाठी सासूबाईंचा पाय ओलांडावा लागला. त्याने ओलांडला. पुस्तक पलंगाखाली ढकललं. ते अडकलं, तेव्हा पायाने रेटलं. चादर ओढून खालपर्यंत सारखी केली. मग वळून म्हणाला, "आई, फार लागलं का?"

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "लागलंय," एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय पडलं? त्या तोंड उघडणार इतक्यात हाच बोलून गेला, "सुटकेस. भरलेली होती." सासूबाईंनी तोंड मिटलं. पावलाची दोन हाडं मोडली होती. प्लॅस्टर घालत असतानाच बायको शाळेतून धापा टाकत आली आणि आईवर घसरली. "या वयात स्टुलावर चढायला तुला सांगितलं कुणी? हाक मारता येत नाही? सुटकेस ओढत बसलीस!"

"चुकलं माझं," सासूबाई म्हणाल्या.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला त्या क्षणी वाटलं. पण धरणी कुणाच्या सोयीने दुभंगत नाही. तो औषधं आणायला गेला.

मग त्याने सेवा आरंभली. पायाखाली उशी, हातात पाण्याचा पेला, गोळ्या वेळेवर. सासूबाई "राहू द्या, घेते मी," म्हणायच्या. शब्द गोडच होते, पण थट्टा बंद झाली होती. बायको मात्र येईल-जाईल त्याला नवऱ्याचं कौतुक सांगत सुटली. दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही." त्याच्या हातून स्क्रू निसटला. तो शोधायच्या निमित्ताने बराच वेळ तो काउंटरखाली वाकून राहिला.

एका रविवारी दुपारी तिघं जेवत होती. बायको आईला बजावत होती, "आता घरी गेल्यावरसुद्धा स्टुलाला हात लावायचा नाही. तुझ्या हट्टापायी—"

"सुटकेस नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"पडलं ते माझं पुस्तक होतं. कॅटलॉग नव्हेत ती. कॉमिक्स आहेत. खुनाबिनाची."

बायको खो खो हसली. "अहो, कपाटाचा टप कोण पुसतं असं वाटतं तुम्हाला? किती वर्षं मी ते धोंडे उचलून पुसतेय! म्हटलं, लपवताय तर लपवू द्या."

तोही हसला असता तर विषय तिथेच मिटला असता. तो हसणारही होता. पण सासूबाई ताटाकडे बघत होत्या.

"मी आलो तेव्हा आई खाली बसल्या होत्या," तो म्हणाला. "मी त्यांना उचललं नाही. त्यांच्या पायावरून पलीकडे गेलो आणि आधी पुस्तक लपवलं."

बायकोचं हसू विझलं. ती आईकडे वळली. "खरं?" सासूबाईंनी भाताचं एक शीत बोटाने ताटाच्या कडेला सारलं. बायको अर्धं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

"मी सांगणार नव्हते कुणाला," सासूबाई हळू म्हणाल्या.

"माहीत आहे, आई."

"पुस्तकाचं काही नाही हो. आमचे हे चोरून तंबाखू खायचे. पण मी तशी पडलेली, आणि तुम्ही चादर सारखी करत होतात. ते लागलं मला."

 तो हळूच 'माफ करा' म्हणाला.

बायको पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. एके दिवशी तिने सगळी पुस्तकं बाहेरच्या खोलीत, खालच्या फळीवर आणून लावली. "इथून कुणाच्या पायावर पडणार नाहीत," म्हणाली. आल्यागेल्याने विचारलं की त्याचे कान लाल होत, पण तो सांगे, "माझी आहेत." सासूबाईंनी एक मागून घेतलं, टेबलावर ठेवून चिकाटीने वाचलं आणि निकाल दिला, "शी! एवढं वजन, आणि एकालाही अक्कल येत नाही." तो हसला. त्याही हसल्या, थोड्या.

प्लॅस्टर निघालं आणि त्या आपल्या घरी गेल्या. पाऊल थंडीत अजून ठणकतं. त्यांचा फोन आला की आधी लेकीशी बोलणं होतं, मग त्या म्हणतात, "जावईबापूंना दे." तो पुस्तकात असला तर पुस्तक मिटतो आणि उभा राहून बोलतो. बायको म्हणते, "बसून बोला की, त्यांना काय दिसतंय?"

तो बसत नाही.