डोंगराआडचं ऊन

लिंबोणीची बाग माझी होती, हे आधी सांगते. लग्न होऊन या डोंगराच्या पायथ्याला आले, तेव्हा खड्डे मी खणले, रोपं मी लावली. मालक नागापूरला कारखान्यात जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. पोरांइतकंच त्या झाडांचं केलं मी.

वीज आमच्या रानापर्यंत कधी आलीच नाही. म्हणून विहिरीवर सौरपंप आला तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. पॅनलचा सांगाडा हातानं फिरवायचा होता. सकाळी उगवतीकडं, दुपारी सपाट, मग मावळतीकडं. ते काम माझ्याकडं.

बसवायला आलेल्या माणसानं विहिरीजवळचा काळा तुकडा दाखवला, बागेला लागूनच. मालक म्हणाले, "काळ्या रानात लोखंड रोवायचं व्हय? त्या उतारावर बसवा, तिथं न्हाई तरी काय पिकतंय?" आमच्याकडं सगळ्यांचं असंच. घरसुद्धा खडकावर बांधतील, पण चांगल्या मातीला हात लावू देणार नाहीत. मला कुणी विचारलं नाही.

उतारावर खांब लहानमोठे करून सांगाडा उभा केला. पावसाळ्यात खालच्या अंगाचा पाया खचला आणि सांगाड्याला पीळ पडला. दुपारनंतर तो जाग्यावरून हलेना. मी खांदा लावून रेटायचे, जीव मेटाकुटीला यायचा. एवढं करून मावळतीकडं तोंड केलं की समोर डोंगर. खाली सगळ्या रानात ऊन असायचं आणि आमच्या पॅनलवर तेवढी सावली. पंप धापा टाकत बंद पडायचा.

उन्हाळ्यात लांबच्या ओळींची पानं गळायला लागली. विहिरीत पाणी होतं. वाकलं की दिसायचं. याच गोष्टीनं अजून माझं डोकं फिरतं. हंड्यानं ओतून ओतून किती झाडं जगवणार?

"अहो, हलवा की ते काळ्यात," मी म्हटलं.

"सिमेंटात गाडलंय ते. का डोंगराला सांगू, बाजूला सरक म्हनून?"

त्यानंतर मी त्यांच्याशी धड बोललेच नाही. कंपनीच्या माणसाला फोन केला की, "येतो ताई, या आठवड्यात." आठवडे गेले. झाडं ओळीनं वाळत विहिरीपर्यंत आली, मग आम्ही ती तोडली. सरपणाला झाली.

मग तो माणूस आला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "आता हितं जागा लई मोकळी झाली की. हितंच बसवू, दिवसभर ऊन लागंल."

मालक म्हणाले, "बसवा."

आता सांगाडा काळ्या रानात उभा आहे. एका हातानं फिरतो, कुठं अडत नाही. मालक म्हणतात, परत लावू बाग. लिंबोणीला फळ धरायला वर्षं जातात, आणि माझ्यात ती उरली नाहीत. ते कामाला गेले की मी पंप चालू करून बघते. पाइपातून धो धो पाणी पडतं, मोकळ्या मातीतून वाहत जातं. थोडा वेळ बघते आणि बंद करते.